लिथियम लोह फॉस्फेट बॅटरीचा प्रभारण विद्युतदाब

घरगुती सौर विद्युत संचातील लिथियम लोह फॉस्फेट बॅटरी भारित करण्यासाठी चार्ज कंट्रोलर किंवा इन्व्हर्टरवर जो कमाल विद्युतदाब निश्चित केला जातो, त्यास प्रभारण विद्युतदाब म्हणतात. बॅटरीचे आयुष्य व सुरक्षितता मोठ्या प्रमाणात त्यावर अवलंबून असते.

मूल्ये

या प्रकारच्या एका घटाचा नाममात्र दाब ३.२ व्होल्ट, तर कमाल मर्यादा साधारणतः ३.६५ व्होल्ट असते. १६ घट एकसर जोडणीत जोडल्यास ५१.२ व्होल्टची बॅटरी तयार होते व तिची कमाल मर्यादा ५८.४ व्होल्ट ठरते. प्रत्यक्षात बहुधा ५५.२ ते ५६.८ व्होल्ट दाब ठेवला जातो. प्रभारणाच्या अखेरीस घटाचा दाब झपाट्याने वाढतो. घट असंतुलित असल्यास एखादा घट इतरांआधी मर्यादा गाठतो आणि बॅटरी व्यवस्थापन प्रणाली संपूर्ण बॅटरीचे प्रभारण थांबवते. दाब किंचित कमी ठेवल्याने साठवणक्षमता फारशी घटत नाही. मात्र तो फारच कमी ठेवल्यास घटांचे संतुलन साधले जात नाही.

शिसे-आम्ल बॅटरीपासून भिन्नता

शिसे-आम्ल बॅटरीसाठीच्या इक्वलायझेशन प्रभारणात ४८ व्होल्टच्या संचाचा दाब ६० व्होल्टच्या पुढे जाऊ शकतो. त्यामुळे लिथियम बॅटरी बसवताना ही सोय, तसेच तापमानानुसार दाब बदलण्याची सोय बंद ठेवावी लागते. ० अंश सेल्सिअसखाली प्रभारण केल्यास ऋणाग्रावर धातुरूप लिथियम साचून घटाची कायमची हानी होते. उत्पादकाने दिलेली मूल्ये वेगळी असल्यास तीच ग्राह्य धरली जातात.