दुपट्यांचे धुणे आणि यंत्राची निवड

घरात पाळणा बांधला जातो तेव्हा बारशाची तयारी, बाळंतिणीचे डिंक-अळीव आणि नातलगांची वर्दळ यांत एक प्रश्न मागे राहून जातो. लंगोट आणि दुपटी धुवायची कोणी आणि कशी? नवजात अर्भक दिवसाकाठी दहा-बारा लंगोट सहज ओले करते. दोन दिवसांचे साठले की दोन डझन होतात. पूर्वी हे काम आजी, मावशी अथवा मोलकरीण निमूटपणे उरकीत असे, आणि म्हणूनच त्या श्रमांचा हिशेब कोणी मांडला नाही. आज बाळाची आई पुष्कळदा नोकरी करणारी असते. २०१७ च्या कायदेदुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली खरी. तथापि लंगोटांचा काळ दोन-अडीच वर्षांचा असतो. रजेवरून परत आलेल्या तरुण शिक्षिका पहिल्या आठवड्यातच विचारतात, “बाई, मशीन कोणते घ्यावे?” आज त्याच प्रश्नाचा विचार करू.

त्याआधी एक शंका दूर केली पाहिजे. एकदा वापरून टाकून देण्याचे डायपर बाजारात मुबलक असताना कापडाचा खटाटोप कशाला? अमेरिकेत १९६१ साली पॅम्पर्स बाजारात आले आणि पुढे त्यांचा जगभर प्रसार झाला. प्रवासात आणि आजारपणात त्यांची सोय आहे, हे मी नाकारणार नाही. परंतु त्यांतील प्लास्टिक कुजत नाही, आणि महिन्याच्या खर्चाचा आकडा घरोघर ठाऊक आहेच. मात्र कापडाचा कैवार घेणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ब्रिटनच्या शासकीय पर्यावरण संस्थेने २००८ साली या दोहोंची तुलना प्रसिद्ध केली. एका मुलामागे अडीच वर्षांत वातावरणावर पडणारा भार कार्बन डायऑक्साइडच्या मापात काढला, तो डायपरांचा सुमारे ५५० किलो आणि कापडी लंगोटांचा सुमारे ५७० किलो निघाला. म्हणजे जवळजवळ बरोबरीच! परंतु लंगोट उघड्यावर दोरीवर वाळवले, यंत्र नीट भरून चालवले आणि तेच लंगोट धाकट्या भावंडालाही वापरले, तर कापडाचा भार सुमारे २०० किलोंनी उतरतो. विजेच्या यंत्रात वाळवले तर तो चढतो. तेव्हा कापड हितकर की अहितकर, हे बव्हंशी धुण्याच्या रीतीवर ठरते.

लंगोट हे शाळेच्या गणवेशासारखे मळत नाहीत. मूत्रातील युरियाचे जंतूंमुळे विघटन होऊन अमोनिया तयार होतो. साठवलेल्या लंगोटांचा डोळ्यांत पाणी आणणारा वास तो हाच. मळात पाचकरसांचे अंश असतात आणि ते ओल्या, नाजूक त्वचेला झोंबतात. शिवाय धुताना राहून गेलेला साबण पुन्हा ओल लागताच कातडीवर उतरतो. बाळाच्या मांड्यांवर लाल चट्टे उठले की आपण साबणाला किंवा दृष्टीला दोष देतो. पुष्कळदा दोष अपुऱ्या खळबळण्याचा असतो. (चट्टे दोन-तीन दिवसांत ओसरले नाहीत तर डॉक्टरांकडेच जावे.) म्हणून यंत्राकडून आपल्याला कोणती कामे हवीत ते पाहू. पहिले, साध्या थंड पाण्यातून खळबळणे. आरंभीच कढत पाणी घातले तर मळातील प्रथिने धाग्यांत घट्ट बसतात व डाग निघत नाहीत. दुसरे, साबणासह गरम पाण्यातील मुख्य धुणे. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा सल्ला ६० अंश सेल्सिअसचा आहे. तिसरे आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते, शेवटी भरपूर स्वच्छ पाण्यातून दोनतीनदा काढणे. दुकानात यंत्राची क्षमता, रंग, बटणे आणि मोबाइलवरून चालवण्याची सोय अगत्याने दाखवतात. आपण विचारावे ते हे, की अधिकचे खळबळणे स्वतंत्रपणे मागता येते काय, आणि ६० अंशांचा हीटर आतच आहे काय.

गरम पाण्याच्या विजेची धास्ती मात्र अनाठायी आहे. मुख्य धुण्याला १५ लिटर पाणी लागते असे धरू. ते २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे ०.६ युनिट वीज पुरते. ड्रम आणि कपडे तापण्याचा भाग मिळवला तरी बेरीज एका युनिटाच्या आसपासच राहील. दिवसाआड धुतले तर महिन्याला पंधरा वेळा. हीटर साधारणतः दोन हजार वॅटचा असल्याने प्लग १६ अँपिअरचा आणि अर्थिंग चोख हवे, एवढी दक्षता पुरे.

खरी अडचण पाण्याची आहे, आणि आपल्या हुबळी-धारवाडच्या रहिवाशाला ती समजावून सांगायला नको. सौंदत्तीजवळच्या रेणुकासागर जलाशयातून मलप्रभेचे पाणी आपल्या जुळ्या शहराला येते; हुबळीच्या काही भागाला नीरसागर तलावाचेही मिळत आले आहे. २००८ साली काही निवडक वस्त्यांत चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग सुरू झाला. इतरत्र मात्र नळ काही दिवसांआड येणार, टाकी आणि पिंपे भरून ठेवायची, हा क्रम चालू राहिला. या दोन प्रकारच्या वस्त्यांतील पाच वर्षांखालील मुले असलेल्या घरांची पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली आहे. जुलाबांचे एकूण प्रमाण दोन्हीकडे सारखेच आढळले; परंतु अखंड पाणी असलेल्या घरांत रक्तमिश्रित जुलाब आणि विषमज्वर कमी होते. लंगोट हाताळलेले हात साबणाने न धुता साठवणीच्या पिंपात तांब्या बुडवणे किती घातक, हे यावरून उमजावे.

आता गच्चीवर जाऊन आपली टाकी पाहा. पुढून दार उघडणारे यंत्र पाणी कमी वापरते, सात किलोंच्या धुण्याला साधारण ५० ते ७० लिटर. वरून उघडणाऱ्या पूर्ण स्वयंचलित यंत्राला बहुधा शंभर लिटरांहून अधिक लागते. तेव्हा टंचाईच्या गावी पुढच्या दाराचे यंत्र घ्यावे, असे कोणीही म्हणेल. पण त्या यंत्राला पाणी विशिष्ट दाबाने यावे लागते. पुष्कळ यंत्रांच्या पुस्तिकांत किमान ०.३ बार किंवा त्याहून अधिक दाब मागितलेला असतो. दहा मीटर उंचीचे पाणी साधारण एक बार दाब देते, म्हणजे ०.३ बारसाठी टाकीतील पाणी यंत्राच्या नळापेक्षा निदान तीन मीटर उंच हवे. यंत्र वरच्या मजल्यावर आणि टाकी लगतच्या गच्चीवर असेल तर ही उंची भरत नाही. मग यंत्र पाण्याची वाट पाहत खोळंबते, दोष दाखवणारा आकडा लुकलुकतो आणि अर्धवट धुतलेली दुपटी कुलूपबंद दारामागे अडकून पडतात. अशा वेळी यंत्र तळमजल्यावर ठेवावे, टाकी उंच चौथऱ्यावर चढवावी, नाहीतर दाब वाढवणारा लहान पंप बसवावा. यंत्र आणण्यापूर्वीच हे मोजले म्हणजे दुकानदाराशी हुज्जत घालावी लागत नाही.

आणि ज्या घरी पाणी पिंपातच साठवावे लागते, तेथे मी निःसंकोचपणे दोन टबांचे अर्धस्वयंचलित यंत्र सुचवीन. ते जुने व गरिबाचे म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. बादलीने पाणी ओतता येते. किती वेळा खळबळायचे ते आपल्या हाती राहते. शेवटच्या खळबळण्याचे जवळजवळ स्वच्छ पाणी पुढच्या खेपेच्या पहिल्या खळबळण्याला वापरता येते. उणीव अशी, की हीटर बहुधा नसतो, आणि गरम पाणी बंबातून वा गीझरमधून आणून, तेही पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपर्यंतच, ओतावे लागते. ओले ओझे एका टबातून दुसऱ्यात उचलावे लागते. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईने, विशेषतः शस्त्रक्रिया झालेलीने, ते उचलू नये. घरात दुसरे दोन हात असतील तरच हे यंत्र घ्यावे.

क्षमतेविषयी थोडक्यात. दोन डझन लंगोट कोरडे असताना दोन-तीन किलोच भरतात, तेव्हा सहा-सात किलोंचे यंत्र पुरे. ठासून भरू नये. तिसरा हिस्सा मोकळा राहिला तरच कपडे आपटतात आणि पाणी खेळते. पिळण्याच्या वेगाकडे मात्र लक्ष द्यावे. बेळगाव-धारवाडकडचा आषाढ-श्रावण सर्वांच्या परिचयाचा आहे: ऊन नाही, रिमझिम थांबत नाही, आणि दोरीवरची दुपटी तिसऱ्या दिवशीही दमटच. पुढच्या दाराच्या यंत्रात मिनिटाला हजार-बाराशे फेरे असले तर कापडात पाणी कमी उरते व ते पंख्याखाली वाळते. शेगडीवर टोपली पालथी घालून वाळवण्याची जुनी चाल बंद खोलीत कधीही अवलंबू नये. निखाऱ्यांचा विषारी वायू वासाने कळत नाही. कापडही विचारपूर्वक निवडावे. जुन्या धोतराचे वा लुगड्याचे पातळ, अनेकदा धुतलेले सुती कापड ओल चटकन टिपते आणि चटकन वाळतेही. जाड, अनेक पदरी शिवलेले तयार लंगोट जास्त शोषतात, पण पावसाळ्यात आपला अंत पाहतात.

साबणाची गोष्ट पाण्याशी निगडित आहे. बोअरचे पाणी पुष्कळदा दुष्फेन असते. त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाचा फेस न होता चिकट साका तयार होतो. हा साका धाग्यांत बसला की लंगोट पुठ्ठ्यासारखे ताठ होतात व ओल शोषीत नाहीत. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालवून घेतात. घरी पारख करायची तर बाटलीत थोडे पाणी आणि साध्या साबणाचा चुरा घालून हलवावे. फेस न होता पाणी दुधाळ झाले तर ते जड समजावे. अशा घरी लंगोटांसाठी नळाचे पाणी राखून ठेवावे आणि बोअरचे फरशीला वापरावे. यंत्रासाठी कमी फेसाची पावडर घ्यावी. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव मात्र लंगोटांना मुळीच लावू नयेत. त्यांचा थर बसून कापडाची शोषणशक्ती जाते.

कोणतेही यंत्र घेतले तरी मळ काढून संडासात टाकण्याचे पहिले काम हातानेच करावे लागते. पुष्कळ घरांत ते कामाच्या बाईसाठी बादलीत झाकून ठेवलेले असते, हे मला रुचत नाही. ज्या प्रदेशात मडिवाळ माचिदेव या परिटाची गणना बाराव्या शतकातील थोर शरणांत झाली, तेथे तरी धुणे हे हलके काम समजू नये. बाळाच्या वडिलांनी ते अंगावर घ्यावे. त्याला विशेष शिक्षण लागत नाही. मळ काढलेले लंगोट पाण्यात भिजत न ठेवता झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावेत आणि दोन दिवसांच्या आत धुवावेत. पाण्याने भरलेली बादली, मग ती अर्धी का असेना, रांगत्या मुलाच्या जिवाला धोका असते.

यंत्राची निगाही याच अंगाने राखावी. महिन्यातून एकदा ते रिकामेच ६० अंशांवर चालवावे. जड पाणी असेल तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे सायट्रिक आम्ल घालून हीटरवरचा क्षार काढावा. दाराची रबरी कड दर वेळी पुसावी, कारण बुरशी तेथेच धरते. त्यासाठी दार किंचित उघडे ठेवण्याची शिफारस करतात. परंतु मूल रांगू लागले की ते ड्रममध्ये शिरण्याचे भय असते. तेव्हा आतला भाग वाळेपर्यंत कोणीतरी जवळ बसावे, आणि मग दार लावून यंत्राचे बटण भिंतीवरच बंद करावे.