कॉम्प्युटर दुपारी बंद पडतोय? नवीन पार्ट घेण्याआधी हवेची वाट बघा

कुकटपल्ली (हैदराबाद) : नांदेड, उदगीर, बिदर, आदिलाबाद भागातली कितीतरी पोरं शिक्षणासाठी, नोकरीसाठी इथल्या केपीएचबी कॉलनीत खोली करून राहतात. माझा भाचाही त्यातलाच. घरच्यांनी हप्त्यावर घेऊन दिलेल्या डेस्कटॉपवर तो व्हिडिओ एडिटिंगची कामं करतो. उन्हाळा लागला तसं मशीन दुपारी रखडायला लागलं, मधेच बंद पडायला लागलं. एका दुरुस्तीवाल्याने ग्राफिक्स कार्ड गेलं म्हणून हजारोंचा खर्च सांगितला. कार्ड शाबूत होतं. डब्यातली हवाच कोंडली होती.

मशीन का रखडतं?

आपण सरसकट ‘सीपीयू’ म्हणतो तो डबा म्हणजे कॅबिनेट. आतला प्रोसेसर साधारण 95 ते 100 अंशांपर्यंत तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. तरीही ताप उतरला नाही तर मशीन बंद होतं. सकाळी व्यवस्थित आणि दुपारी कुरकुर, असं असेल तर आधी संशय उष्णतेवर घ्यावा.

हवेचा जमा-खर्च

पंखा हवा थंड करत नाही, फक्त बदलतो. खोलीत 38 अंश असतील तर कॅबिनेटमध्ये त्याहून कमी होणार नाहीत. 300 वॉट उष्णता टाकणाऱ्या मशीनमधून ताशी 100 घनमीटर हवा गेली तर ती साधारण 9 अंशांनी तापून बाहेर पडते. निम्मीच गेली तर 18 अंशांनी. म्हणजे बाहेर पडणारी हवा 47 अंश की 56, हे वाट किती मोकळी आहे त्यावर ठरतं. शिवाय जेवढी हवा आत, तेवढीच बाहेर. एक तोंड अडलं की दुसरंही अडलंच.

काय करायचं?

* जागा : कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढा. पुढे-मागे वीतभर जागा सोडा, नाहीतर मागून निघालेली गरम हवा पुन्हा पुढून आत जाते.
* धूळ : मशीन बंद करून वायर काढा, मगच ब्लोअर मारा. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. ब्लोअरने गरगर फिरली तर बेअरिंग बिघडू शकतं.
* दिशा : हवा पुढून आत, मागून आणि वरून बाहेर. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या दांड्या असतात, तिकडून हवा बाहेर पडते. कागदाचा कपटा धरून खात्री करा.
* पंखे : पुढे दोन, मागे एक पुरतात. आत येणारी हवा थोडी जास्त असली की फटींतून धूळ कमी शिरते.
* वायरी : पंख्यासमोरच्या वायरी बांधून बाजूला घ्या.
* थर्मल पेस्ट : प्रोसेसरवरचा हीटसिंक काढला तर जुनी पेस्ट पुसून नवीन लावा, मटाराच्या दाण्याएवढी बास.

खर्चाआधी एक चाचणी

तापमान दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर टाका. बाजूचं झाकण काढून तेच काम दहा-पंधरा मिनिटं चालवा. तापमान झपकन उतरलं तर दोष हवेच्या वाटेचा. पण झाकण कायमचं काढून ठेवू नका. धूळ, मुंग्या, पाली आत जातात.

भाच्याच्या मशीनमध्ये मागचा पंखा उलटा बसवलेला निघाला. चार स्क्रू फिरवून तो सरळ केला, जाळी धुतली, कॅबिनेट कप्प्याबाहेर आणलं. खर्च शून्य. आता भर दुपारीही काम चालू असतं.