बेस्ट, जॉर्ज
बेस्ट, जॉर्ज : (२२ मे १९४६–२५ नोव्हेंबर २००५). प्रख्यात आयरिश व्यावसायिक फुटबॉलपटू. इंग्लंडमधील मँचेस्टर युनायटेड या क्लबचा आणि उत्तर आयर्लंडच्या राष्ट्रीय संघाचा विंगर, म्हणजे बगलेवरून खेळणारा आघाडीचा खेळाडू. जन्म बेलफास्ट येथे. वडील तेथील हार्लंड अँड वुल्फ या जहाजबांधणीच्या कारखान्यात कामगार होते. शहराच्या पूर्व भागातील क्रेगा या कामगारवस्तीत त्याचे बालपण गेले. माध्यमिक शिक्षणासाठी ग्रोव्हनर हायस्कूलमध्ये त्याला प्रवेश मिळाला. तथापि तेथे फुटबॉलऐवजी रग्बी खेळले जात असल्यामुळे त्याने ती शाळा सोडली. किरकोळ शरीरयष्टीमुळे बेलफास्टच्या ग्लेंटोरन क्लबने त्याला नाकारले. मात्र मँचेस्टर युनायटेडसाठी होतकरू खेळाडू हेरणाऱ्या बॉब बिशपने त्याचे असामान्य गुण ओळखले आणि आपल्याला एक प्रतिभावंत सापडला आहे, अशा आशयाची तार व्यवस्थापक मॅट बझ्बी यांना पाठविली. १९६१ मध्ये बेस्ट मँचेस्टरला गेला. पण घरच्या ओढीने लगेच परतला. वडिलांशी विचारविनिमय झाल्यावर तो पुन्हा क्लबमध्ये दाखल झाला. १९६३ च्या मे महिन्यात, वयाची सतरा वर्षे पूर्ण होताच, त्याने व्यावसायिक करार केला आणि १४ सप्टेंबर १९६३ रोजी वेस्ट ब्रॉमिच ॲल्बियनविरुद्ध तो पहिला सामना खेळला.

जुन्या पद्धतीच्या पाच जणांच्या आघाडीच्या फळीत विंगरचे काम ठराविक असे. बाजूरेषेलगत चेंडू पुढे नेणे, प्रतिस्पर्धी बचावपटूस चकविणे आणि गोलसमोर उभ्या असलेल्या सहकाऱ्यांकडे चेंडू उंचावून देणे, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असे. साठोत्तरी काळात बचावाचे तंत्र काटेकोर झाले व या जागेचे महत्त्व घटू लागले. १९६६ च्या विश्वचषक स्पर्धेचा अंतिम सामना इंग्लंडने पारंपरिक विंगर न खेळविता जिंकला. बेस्टने मात्र याच जागेला नवे रूप दिले. तो दोन्ही पायांनी सारख्याच सफाईने खेळे; त्यामुळे डाव्या किंवा उजव्या, कोणत्याही बगलेवरून तो आत घुसू शके. धावण्याचा वेग एकाएकी बदलणे, कमरेच्या हेलकाव्याने हुलकावणी देणे व अंगावर येणाऱ्या बचावपटूच्या धडकेतूनही तोल सावरून चेंडू ताब्यात ठेवणे, ही त्याच्या खेळाची वैशिष्ट्ये होत. दुसऱ्यासाठी गोलची संधी निर्माण करणारा विंगर हा स्वतःही प्रमुख गोलकर्ता होऊ शकतो, हे त्याच्या खेळाने दाखविले.

बेस्ट, डेनिस लॉ व बॉबी चार्ल्टन या तिघांच्या बळावर युनायटेडने १९६४-६५ व १९६६-६७ या हंगामांत इंग्लिश लीगचे अजिंक्यपद मिळविले. ९ मार्च १९६६ रोजी लिस्बन येथे बेन्फिकाविरुद्ध झालेल्या युरोपीय चषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात बेस्टने पहिल्या बारा मिनिटांतच दोन गोल केले व युनायटेडने तो सामना ५–१ असा जिंकला. त्याच्या लांब केसांमुळे वृत्तपत्रांनी त्याला ‘एल बीटल’ हे नाव दिले. २९ मे १९६८ रोजी वेम्ब्ली येथील अंतिम सामन्यात बेन्फिकाचाच ४–१ असा पराभव करून युनायटेडने युरोपीय चषक जिंकला. जादा वेळेतील पहिला गोल बेस्टचा होता. त्या हंगामात त्याने लीगमध्ये २८ गोल केले व त्याच वर्षी युरोपातील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा बहुमान त्याला मिळाला. त्या वेळी त्याचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. ७ फेब्रुवारी १९७० रोजी नॉर्दॅम्प्टन टाउनविरुद्धच्या एफ. ए. चषक सामन्यात त्याने सहा गोल केले.

आयर्लंडच्या फाळणीनंतर तेथील फुटबॉलचे नियंत्रणही बेलफास्ट व डब्लिन येथील दोन स्वतंत्र संघटनांकडे गेले. बेस्ट उत्तर आयर्लंडकडून १९६४ ते १९७७ या काळात ३७ सामने खेळला व त्याने ९ गोल केले. सु. १५ लाख लोकसंख्येच्या या प्रदेशास तुल्यबळ खेळाडूंचा संघ उभारणे अवघड होते. १९६६ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत आल्बेनियाशी बरोबरी झाल्याने ही संधी अवघ्या एका गुणाने हुकली. उत्तर आयर्लंड १९५८ व १९८२ च्या विश्वचषकांत खेळले; बेस्टची कारकीर्द या दोहोंच्या दरम्यान येते. त्यामुळे विश्वचषकातील एकही सामना त्याच्या वाट्यास आला नाही.

इंग्लंडमधील खेळाडूंच्या साप्ताहिक वेतनावरील २० पौंडांची कमाल मर्यादा १९६१ मध्ये, म्हणजे बेस्ट मँचेस्टरला आला त्याच वर्षी, उठविण्यात आली. पाठोपाठ दूरचित्रवाणीमुळे फुटबॉल घरोघरी पोहोचला. जाहिराती, कपड्यांची दुकाने व रात्रक्लब यांतून बेस्टला खेळाडूपेक्षा चित्रपटतारकाला शोभणारी प्रसिद्धी लाभली. मात्र अशा तरुणास सांभाळण्याचा अनुभव त्या वेळच्या क्लबांना नव्हता. १९६९ मध्ये बझ्बी व्यवस्थापकपदावरून निवृत्त झाले, जुने सहकारी थकले आणि संघाचा भार बेस्टवर पडला. १९६७-६८ पासून सलग पाच हंगाम लीगमध्ये युनायटेडचे सर्वाधिक गोल त्याचेच होते. याच काळात त्याचे मद्यपान वाढले. सराव चुकविणे, निवृत्ती जाहीर करून पुन्हा परतणे, असे प्रकार घडू लागले. १ जानेवारी १९७४ रोजी तो युनायटेडकडून अखेरचा सामना खेळला. ४७० सामन्यांत १७९ गोल ही तेथील त्याची कामगिरी होय. त्या वेळी तो सत्तावीस वर्षांचा होता. पुढे स्टॉकपोर्ट काउंटी, कॉर्क केल्टिक, फुलम, हिबर्नियन आणि अमेरिकेतील लॉस अँजेल्स, फोर्ट लॉडरडेल व सॅन होसे येथील क्लबांकडून तो थोडा थोडा काळ खेळला. १९८३ मध्ये बोर्नमथकडून तो इंग्लिश लीगमधील अखेरचे सामने खेळला.

मद्याधीनतेने त्याची पाठ अखेरपर्यंत सोडली नाही. त्याच्या आईचाही १९७८ मध्ये याच व्यसनाशी निगडित विकाराने मृत्यू झाला होता. १९८४ मध्ये मद्यप्राशन करून मोटार चालविणे व पोलिसावर हल्ला करणे या गुन्ह्यांसाठी त्याला कारावास भोगावा लागला. २००२ मध्ये त्याच्यावर यकृतरोपणाची शस्त्रक्रिया झाली. परंतु त्यानंतरही मद्यपान सुटले नाही. लंडन येथे त्याचे निधन झाले. ३ डिसेंबर २००५ रोजी बेलफास्टमध्ये अंत्ययात्रेच्या मार्गावर सु. एक लाख लोक उभे होते. धार्मिक व राजकीय वैराने दुभंगलेल्या त्या शहरात दोन्ही पक्षांच्या लोकांना तो आपला वाटत असे. २००६ मध्ये तेथील नगर विमानतळास त्याचे नाव देण्यात आले. मँचेस्टर येथे ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाबाहेर बेस्ट, लॉ व चार्ल्टन यांचा एकत्रित पुतळा २००८ मध्ये उभारण्यात आला.