हात वर करू नका, बोला!

सोमवारची मीटिंग. बॉस विचारतो, ‘सगळ्यांना ओके?’ सगळे माना डोलावतात आणि खरी चर्चा नंतर चहाच्या टपरीवर रंगते. ओळखीचं वाटतंय ना? याला एकमत म्हणत नाहीत, बॉस!

खरं एकमत कसं होतं ते गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाकडून शिकावं. धानोरा तालुक्यातलं, शंभरेक घरांचं हे गोंड आदिवासींचं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथलीच. इथल्या ग्रामसभेत बहुमताला किंमत नाही. निर्णय होतो तो सर्वसहमतीनं. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या सभेवर जातो आणि तो का अडतोय, हे बाकीचे समजून घेतात.

मग कामं व्हायची कधी?

गंमत इथेच आहे. मेंढ्यात चर्चेची आणि निर्णयाची चूल वेगळी. अभ्यास गटात कुणीही यावं, अगदी बाहेरचा जाणकारही. माहिती काढावी, मनसोक्त वाद घालावा. पण निर्णय तिथे घ्यायचा नाही. त्यामुळे जिंकायची घाई नसते आणि मत बदललं म्हणून नाक कापलं जात नाही. निर्णय फक्त ग्रामसभेचा. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावासोबत ही पद्धत रुजवली.

वेळ लागतो, पण निर्णय सगळ्यांचा होतो. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये स्वतः बांबू विकायचा अधिकारही. २०१३ मध्ये तर गावानं ग्रामदान ठरवलं, म्हणजे शेतजमीन ग्रामसभेच्या नावे! सातबाऱ्याचा असा निर्णय ५१ विरुद्ध ४९ मतांनी घेऊन बघा. दुसऱ्या दिवशी ४९ जण वकिलाच्या दारात.

आणि हो, बिनविरोध म्हणजे एकमत नव्हे. आपल्या नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्ये तीस वर्षं ग्रामपंचायत बिनविरोध होत होती. २०२१ मध्ये निवडणूक झाली. पोपटराव पवारांच्या पॅनेलनं सगळ्या जागा जिंकल्या, पण काहींना वेगळं काही म्हणायचंय, हेही तेव्हा दिसलं.

ऑफिसात करून बघा

• चर्चेची मीटिंग वेगळी, निर्णयाची वेगळी.
• ‘कुणाला अडचण?’ असं विचारून थोडं थांबा. गप्प बसणं म्हणजे होकार नाही.
• ‘नाही’ म्हणणाऱ्याला कारण विचारा, टोमणा मारू नका.
• सगळ्याच गोष्टींना एकमत नको. पिझ्झा कुठला मागवायचा, ते हात वर करूनच ठरवा!