तणनाशकांतील सहायक द्रव्ये

तणनाशकाची परिणामकारकता वाढविण्यासाठी किंवा त्याचे गुणधर्म बदलण्यासाठी त्यात मिसळल्या जाणाऱ्या पदार्थांना सहायक द्रव्ये म्हणतात. ही द्रव्ये बहुधा स्वतः तण मारत नाहीत. काही द्रव्ये उत्पादनात आधीच मिसळलेली असतात, तर काही फवारणीच्या वेळी टाकीत घातली जातात. शेतकऱ्यांमध्ये त्यांपैकी काही ‘स्टिकर’ या नावाने परिचित आहेत. सहायक द्रव्याचा पानावरील परिणाम आणि जमिनीतील परिणाम या दोन स्वतंत्र बाबी आहेत. तणनियंत्रण सुधारणारे द्रव्य तणनाशकाचा जमिनीतील टिकाऊपणा वाढवीलच असे नाही. टिकाऊपणा वाढल्यास तो पुढील पिकास अपायकारकही ठरू शकतो.

पानावरील कार्य

पानाच्या पृष्ठभागावर मेणाचा थर असतो. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण २५ अंश सेल्सिअस तापमानाला सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असल्यामुळे अशा पानावर पाण्याचे थेंब गोल राहतात व घरंगळतात. पृष्ठताण कमी करणारी द्रव्ये तो निम्म्याहून खाली आणतात. त्यामुळे थेंब पसरतो आणि तणनाशकाचा पानाशी संपर्क वाढतो. खनिज तेले आणि वनस्पती तेलांपासून बनविलेली मिथिल एस्टरे मेणाचा थर मऊ करून तणनाशक आत शिरण्यास मदत करतात. मात्रा प्रमाणाबाहेर गेल्यास द्रावण पानावरून ओघळते किंवा पिकाची पाने करपतात.

पाण्याचा प्रकारही महत्त्वाचा असतो. १९७४ साली बाजारात आलेले ग्लायफोसेट दुष्फेन म्हणजे जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमशी संयोग पावते आणि पानात कमी शोषले जाते. टाकीत आधी अमोनियम सल्फेट विरघळविल्यास सल्फेट कॅल्शियमला बांधून ठेवते, तर अमोनियममुळे ग्लायफोसेट सहज शोषले जाणाऱ्या रूपात राहते.

जमिनीतील टिकाऊपणा

जमिनीत पडलेल्या तणनाशकाचे भवितव्य मातीच्या कणांवरील अधिशोषण, सूक्ष्मजीवांकडून होणारे विघटन, बाष्पीभवन, सूर्यप्रकाश आणि पाण्याबरोबर खाली झिरपणे यांवर अवलंबून असते. फवारणीच्या नेहमीच्या मात्रेतील पृष्ठताण कमी करणारी द्रव्ये मातीत मिसळल्यावर फार विरळ होतात. म्हणून त्यांचा टिकाऊपणावरील परिणाम बहुधा अल्प असतो. अधिक संहत असताना मात्र ती मातीला चिकटलेले तणनाशक सोडवून पाण्यात आणू शकतात. याउलट, तेलकट सहायकांसोबत दिलेले तणनाशक वरच्या थरात अधिक काळ राहिल्याचे काही प्रयोगांत आढळले आहे. तणांची बहुतेक बीजे याच थरातून उगवत असल्याने नियंत्रणास त्याचा लाभ होतो; पण अवशेषही तेथेच राहतात.

ईपीटीसी आणि डायेथोलेट

टिकाऊपणा हेतुपुरस्सर वाढविण्याचे प्रसिद्ध उदाहरण ईपीटीसी या तणनाशकाचे आहे. ते बाष्पनशील असल्याने पेरणीपूर्वी देऊन लगेच मातीत मिसळावे लागते. मक्याला इजा होऊ नये म्हणून त्यात डायक्लोरमिड हे पीकरक्षक द्रव्य घालतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडमध्ये आणि त्यानंतर अमेरिकेत असे दिसून आले, की वर्षानुवर्षे ईपीटीसी वापरलेल्या शेतांत त्याचा प्रभाव लवकर ओसरतो. याचे कारण तणांची प्रतिकारशक्ती हे नव्हते. जमिनीतील काही जीवाणू ईपीटीसीचा अन्न म्हणून उपयोग करू लागले होते व त्यांची संख्या वाढली होती.

त्यावर उपाय म्हणून डायेथोलेट हे सूक्ष्मजीवी विघटन मंदावणारे द्रव्य ईपीटीसीत मिसळण्यात आले आणि तणनियंत्रणाचा काळ पुन्हा वाढला. परंतु हे मिश्रण वारंवार वापरल्यावर काही जमिनींत डायेथोलेटचेही विघटन वेगाने होऊ लागले. त्यामुळे पिकांचा व तणनाशकांचा फेरपालट हाच अधिक टिकाऊ मार्ग ठरला.

हेच डायेथोलेट बियाण्यास लावल्यास वेगळे कार्य करते. क्लोमाझोन हे तणनाशक वनस्पतीच्या आत रूपांतर झाल्यावरच विषारी बनते. डायेथोलेट हे रूपांतर रोखते. म्हणून ब्राझीलमध्ये कापूस व भात यांच्या बीजप्रक्रियेत ते पीकरक्षक म्हणून वापरले गेले.

पुढील पीक व पर्यावरण

महाराष्ट्रात सोयाबीनमध्ये वापरले जाणारे इमॅझेथापायर पानांतून तसेच मुळांतून शोषले जाते. त्यासोबत सहायक द्रव्य व अमोनियम सल्फेट वापरण्याची पद्धत आहे. सोयाबीन या तणनाशकाचे विघटन करू शकते, परंतु मोहरी व बीट यांसारखी पिके अवशेषांना संवेदनशील असतात. पाऊस कमी झाल्यास सूक्ष्मजीवांचे कार्य मंदावते आणि अवशेष रब्बी हंगामापर्यंत राहण्याचा धोका वाढतो. सहायकामुळे पानावरील शोषण सुधारले, तरी जमिनीत उरलेल्या भागाचा हा धोका आपोआप टळत नाही.

सहायक द्रव्ये निरुपद्रवीच असतात असेही नाही. ग्लायफोसेटच्या अनेक उत्पादनांत वापरले गेलेले पॉलीइथॉक्सिलेटेड टॅलो अमाइन हे मासे व उभयचर प्राण्यांना खुद्द ग्लायफोसेटपेक्षा अधिक विषारी आहे. युरोपीय संघाने २०१६ मध्ये ग्लायफोसेटयुक्त उत्पादनांत त्याच्या वापरावर बंदी घातली. यामुळे तणनाशकाची सुरक्षितता तपासताना केवळ मूळ रसायनाची नव्हे, तर संपूर्ण मिश्रणाची चाचणी आवश्यक ठरते.