परतवाड्याहून एसटीने मेळघाट : पायी कुठे चालता येते, कुठे नाही?

पावसाळा लागला की शनिवारी सकाळी परतवाडा बसस्थानकावर पाठीला सॅक लावलेली मुले-मुली दिसू लागतात. फलाटावर त्यांचे प्रश्न दोनच असतात. चिखलदऱ्याची गाडी कधी आहे आणि वर गेल्यावर पायी कुठे जाता येते? पहिल्याचे उत्तर चौकशी खिडकीवर मिळते. दुसऱ्याचे उत्तर अनेकांना वनरक्षकाने हटकल्यावरच मिळते. सह्याद्रीत ट्रेक करून आलेल्यांचा तर हमखास गोंधळ होतो. तिकडे वाट दिसली की चालायचे, इकडे वाट दिसली तरी ती वाघाच्या घरातली असू शकते.

एसटी कुठपर्यंत नेते?

परतवाड्याहून सातपुड्यात शिरणारे मुख्य रस्ते दोन. पहिला धामणगाव गढीवरून घाट चढून चिखलदऱ्याला जातो. अंतर साधारण ३० किलोमीटर. दुसरा धारणीचा. तो घटांग, सेमाडोह, कोलकास, हरिसाल करत जंगलाच्या मधून जातो. सेमाडोह आणि कोलकास येथे वनविभागाची पर्यटन संकुले आहेत आणि दोन्ही याच रस्त्यावर असल्याने स्वतःची गाडी नसली तरी तिथे पोहोचता येते. अमरावती ते परतवाडा सुमारे ५० किलोमीटर. अचलपूर-मूर्तिजापूर ‘शकुंतला’ बंद पडल्यापासून रेल्वेने येणाऱ्यांनाही अमरावती किंवा बडनेऱ्याला उतरून एसटीच धरावी लागते.

एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आहे. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा प्रवास २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे. धारणी रस्त्यावर मध्य प्रदेशात जाणाऱ्या खासगी गाड्याही धावतात. त्यांत ही सवलत चालत नाही, हे चढण्याआधी लक्षात घ्यावे. पावसाळी सुट्यांच्या गर्दीत पोलीस घाटात एकेरी वाहतूक करतात, तेव्हा चिखलदऱ्याहून परतताना गाडी घटांगकडून फिरून येऊ शकते. म्हणजे वेळ वाढतो.

मग बसमधून जाता येते, पण चालता का येत नाही?

खरी गोम इथे आहे. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये सुरू झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. एकूण क्षेत्र सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर, त्यातले सुमारे १,५०० चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र आणि बाकीचे बफर. गाभ्यात गुगामल राष्ट्रीय उद्यानही येते.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चे कलम २७ अभयारण्यात कोण जाऊ शकतो ते सांगते. त्यात सरकारी कर्मचारी, आतले जमीनधारक, परवानाधारक आणि सार्वजनिक मार्गावरून जाणारी व्यक्ती यांचा समावेश आहे. बसमधला प्रवासी या शेवटच्या गटात बसतो. त्याला परवाना लागत नाही. पण तोच प्रवासी मध्येच उतरून रस्ता सोडून सागवानात वीस पावले गेला, तर तो ‘मार्गावरून जाणारा’ राहत नाही. तिथे कलम २८ चा परवाना लागतो. राष्ट्रीय उद्यानालाही हेच लागू आहे. कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण उल्लंघनासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. रील काढण्यासाठी हा भाव बराच महाग आहे.

उदाहरण वैराटचे घ्या. चिखलदऱ्याच्या परिसरातले हे सर्वात उंच ठिकाण, सुमारे १,१७८ मीटर. जुन्या लोकांच्या आठवणीत तिथे पायी जाणे साधी गोष्ट होती. गावाचे पुनर्वसन झाल्यावर आता तिथे सफारीच्या गाडीतूनच जायचे. परतवाड्यातले काका ‘आम्ही तर चालत जात होतो’ म्हणतात तेव्हा ते खोटे बोलत नाहीत, पण त्यांचा सल्ला आज उपयोगी नाही.

पायी काय पाहता येते?

चिखलदरा गाव १,११८ मीटरवर आहे आणि त्याच्या भोवतीचे पॉइंट रस्त्याने जोडलेले आहेत. भीमकुंड, देवी पॉइंट, पंचबोल, शक्कर तलाव हे सगळे दमादमाने चालत पाहण्यासारखे. लोक ते ऑटो करून दोन तासांत उरकतात, हे माझ्या मते पैसे देऊन तोटा करून घेणे आहे. परतवाडा सुमारे ३७० मीटरवर आहे. म्हणजे बस साधारण ७५० मीटर चढते. हवा दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, या हिशेबाने वर जवळपास पाच अंशांचा फरक पडतो. याच उंचीमुळे इथे कॉफी पिकते.

पण चालणाऱ्यासाठी खरे ठिकाण गाविलगड. गावापासून दोन-तीन किलोमीटर. अहमदशहा वली बहमनीने १४२५ मध्ये बांधलेला हा किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. भोवतीचे जंगल वनविभागाचे. तीन बाजूंना कडे कोसळलेले आणि पठाराला जोडलेली उत्तर बाजू तेवढी सोपी.

डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनीही हेच पाहिले. आडगावच्या लढाईनंतर नागपूरकर भोसल्यांचे सैन्य गाविलगडात होते. कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी ७ डिसेंबरला धामणगावहून निघाली आणि अवजड तोफा ओढत, डोंगरात स्वतः रस्ता फोडत १२ तारखेला उत्तरेकडच्या लबाडा गावी पोहोचली. सुमारे ३० मैलांना पाच-सहा दिवस लागले. आज धामणगाव गढीवरून एसटी तासाभरात वर येते! १५ डिसेंबरला तटाला पडलेल्या खिंडारातून इंग्रज बाहेरच्या किल्ल्यात शिरले, पण आतल्या किल्ल्याची भिंत शाबूत होती. कॅप्टन कॅम्बेलच्या तुकडीने दरीतून चढून शिड्या लावल्या तेव्हा किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. आर्थर वेलस्लीच्या या मोहिमेची वर्णने वाचून किल्ला चालला, तर दोन तटांमधली ती दरी नुसती दरी राहत नाही.

अकोल्याकडच्या वाचकांसाठी दुसरा पर्याय नरनाळ्याचा. अकोट तालुक्यातल्या शहानूर गेटवर वनविभागाचे शुल्क भरून जाता येते. मात्र तिथे बसने पोहोचणे चिखलदऱ्याइतके सोपे नाही.

वेळ किती धरायचा?

स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथने १८९२ मध्ये दिलेला ठोकताळा अजून वापरात आहे. दर पाच किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. गाविलगडसाठी जाऊन-येऊन आणि आत फिरून नऊ किलोमीटर धरा, चढ-उताराचा एकूण चढ १५० मीटर. पावणेदोन तास अधिक पाव तास, म्हणजे दोन तास नुसत्या चालण्याचे. फोटो, डबा, पावसात निसरडे झालेले दगड धरून ते दुप्पट करा. चार तास. आता परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ चौकशी खिडकीवरून घ्या आणि त्यातून तास उलटे मोजा. ही वेळ परतवाड्यातच विचारावी आणि वर उतरल्यावर चालकाला किंवा वाहकाला पुन्हा विचारावी. मोबाइलवरच्या वेळापत्रकावर एकट्यावर विसंबू नये.

फोन कितपत कामाचा?

मेळघाटात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. पण जीपीएसला रेंज लागत नाही. फोन उपग्रहाचे संकेत थेट पकडतो. अडते ते नकाशाचे, कारण तो इंटरनेटवरून येतो. म्हणून परतवाड्यात असतानाच परिसराचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवावा आणि फोन फ्लाइट मोडवर टाकावा. रेंज शोधण्यात बॅटरी सर्वात लवकर संपते. नकाशावर पायवाट दिसली याचा अर्थ ती परवानगीची आहे असा मात्र नाही. नकाशाला कलम २७ ठाऊक नसते. चालण्याची परवानगी असलेल्या वाटांचा एक मोठा फलक परतवाडा बसस्थानकावरच लावला, तर अर्धा गोंधळ तिथेच मिटेल.

वाघाची भीती किती?

स्थानिक कोरकू माणसे वाघापेक्षा अस्वलाबद्दल जास्त सावध करतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पडतात तेव्हा पहाटे अस्वले झाडाखाली असतात. अंधार पडण्याआधी आणि उजाडण्याआधी झुडपाच्या वाटेवर एकटे नसावे, बोलत चालावे. वाटाड्या घेतला तर हे सगळे तो न सांगता करतो. त्याची मजुरी आधी ठरवून घ्यावी आणि नंतर घासाघीस करू नये. एकटे जाणाऱ्यांनी किल्ल्यावर निघण्यापूर्वी चिखलदऱ्यात कुणाला तरी परतीची वेळ सांगून ठेवावी. वनविभागाची मदतवाहिनी १९२६, पोलिसांसाठी ११२. दोन्ही क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवावेत, आणि रेंज कुठे मिळते ते बसमधून वर जातानाच पाहून ठेवावे.