गिटारचा ‘टोन’ आणि मॉडेलिंग ॲम्प्लिफायर

इलेक्ट्रिक गिटार नुसती छेडली तर शेजारच्या खोलीतही धड ऐकू जात नाही. तिच्या पोलादी तारांखाली चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. तार कंप पावली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि विद्युत्-संदेश निर्माण होतो. फॅरडेचा नियम शिकवताना जनित्राबरोबर हेही उदाहरण जरूर द्यावे. पण आपण ज्याला इलेक्ट्रिक गिटारचा आवाज म्हणतो, तो बराचसा यापुढे, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांत घडतो.

पूर्वीचे ॲम्प्लिफायर व्हॉल्व्हचे असत. कुवतीबाहेरचा संदेश आला की व्हॉल्व्हमध्ये लहरींचे माथे चपटे होतात. अभियंत्याच्या दृष्टीने हा दोष. वादकांनी त्याचा अलंकार केला. चपट्या लहरीत मूळ कंप्रतेच्या पटीतले अधिस्वर वाढतात. दोन तारा एकदम छेडल्या तर कंप्रतांच्या बेरजा-वजाबाक्याही त्यात मिसळतात. समजा, ११० हर्ट्झ हा षड्ज आणि १६५ हर्ट्झ हा त्याचा पंचम. वजाबाकी ५५, बेरीज २७५. सारे ५५ च्या पटीत, म्हणून आवाज भरीव लागतो. आता गांधार घेऊ. शुद्ध गांधार १३७.५ हर्ट्झवर हवा. पण गिटारचे पडदे सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले असल्याने तो १३८.६ वर येतो. षड्जाचा पाचपट अधिस्वर ५५० आणि या गांधाराचा चौपट सुमारे ५५४.४, म्हणजे सेकंदाला चारपेक्षा अधिक विस्पंद! हार्मोनियमच्या गांधाराबद्दल गवई नाक मुरडतात ते याच कारणाने. पडद्यावरचा पंचम मात्र जवळजवळ अचूक असतो. रॉकचे वादक ‘गेन’ खूप चढवून बहुधा षड्ज-पंचमच का वाजवतात, याचे उत्तर इथे आहे.

मॉडेलिंग ॲम्प्लिफायर हीच सारी करामत गणिताने करतो. १९९५ साली रोलंडचे ‘व्हीजी-८’ आणि १९९८ साली लाइन ६ चे ‘पॉड’ आले, तेव्हापासून हा प्रकार रूढ झाला. संदेशाची सेकंदाला ४४,१०० किंवा अधिक वेळा मोजणी होते आणि व्हॉल्व्हचे वर्तन दाखवणाऱ्या समीकरणांतून ते आकडे जातात. यात एक गोम आहे. मोजणीच्या निम्म्याहून वरच्या कंप्रता अशा यंत्रात टिकत नाहीत, त्या परावर्तित होतात. १,००० हर्ट्झच्या सुराचा पंचविसावा अधिस्वर २५,००० ऐवजी १९,१०० वर उमटतो आणि मूळ सुराशी त्याचे नाते उरत नाही. म्हणून चांगली यंत्रे हा भाग अंतर्गत कितीतरी अधिक वेगाने मोजतात.

तरीही नवशिक्याच्या हातात हे यंत्र गांधीलमाशीसारखे का गुणगुणते? आमच्या मते पहिला संशयित स्पीकर. गिटारच्या बारा इंची स्पीकरचा प्रतिसाद साधारण ५,००० हर्ट्झच्या पुढे झपाट्याने घसरतो. वरची खरखर तोच गाळून टाकतो. हेडफोन मात्र ती इमानदारीने ऐकवतो. तेव्हा हेडफोनवर वाजवताना यंत्रातली स्पीकर-पेटीची नक्कल चालू हवी. तेच यंत्र खऱ्या गिटार-स्पीकरला जोडले तर ती बंद करावी, नाहीतर आवाज दोनदा गाळला जाऊन गोधडीआडून आल्यासारखा लागतो.

त्यानंतर गेन. तो कमीतून सुरू करावा. चढवत गेले की हलका आणि जोरकस आघात सारखेच ऐकू येतात आणि बोटांची कमाई वाया जाते. शेवटी खर्ज-तार. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवले की हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. रात्री हलक्या आवाजात जुळवलेला टोन स्नेहसंमेलनाच्या मंचावर ढबढबतो तो यामुळे. जितक्या जोरात वाजवायचे, तितक्याच जोरात तो आधी एकदा जुळवून पाहावा.